चांगलं साल येऊ दे

ऐन सोन्यासारख्या ऑक्टोबरात पाऊस मागणारी बाई आमच्या मोझेल नदीकाठी माझ्याआधी झाली नसेल, आणि यापुढेही व्हायची नाही. गावातल्या बायका संत डोनाटसपुढे मेणबत्ती लावायच्या आणि म्हणायच्या, बाबा रे, अजून आठ दिवस ऊन राहू दे. विजा आणि गारांपासून द्राक्षमळे राखायचे, हे या संताचं कामच. मीही मेणबत्ती लावायची, त्यांच्याच रांगेत गुडघे टेकायची आणि मनात म्हणायची, तू दमला असशील, जरा झोप काढ. लाज वाटायची मला, नाही असं नाही. पण करणार काय, माझं घोडं तिथंच अडलं होतं.

मी मुळात इथली नव्हे. वरच्या आयफेल पठारावरची, बटाटे आणि गायींच्या गावची. एकोणीसशे पंचावन्न साली लुटविनशी लग्न करून खाली नदीकाठी आले. लग्नाच्या जेवणातच माझे सासरे कास्टोर म्हणाले, "बटाटेवाली आहे, वाकायची सवय असेल." सगळे हसले. मीही हसले, नवी होते ना. वाकायची सवय होतीच हो, पण सपाट जमिनीवर. इथले मळे म्हणजे नुसत्या भिंती. पाटीच्या काळ्या दगडाचा उभा उतार, एकेका खांबाला एकेक वेल, आणि पावसानं खाली वाहून आलेली माती हिवाळ्यात पाठीवरच्या टोपलीतून परत वर न्यायची. माती डोंगरावर चढवणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. लुटविन शाळा सुटल्यापासून तेच करत होता. तिशीतच त्याची कंबर अशी गेली की सकाळी बूट मी चढवून द्यायची.

माझ्या मावशीची कोब्लेन्झला बेकरी होती. तिला मूलबाळ नव्हतं. "तुम्ही दोघं या, दुकान सांभाळा, वरच्या खोल्या तुमच्याच," असं ती लग्नापासून म्हणत होती. दुकानातली फरशी सपाट होती, मी मुद्दाम जाऊन पाहून आले होते. लुटविनही तयार होता. माझ्या आग्रहाखातर नाही, अगदी मनापासून. काचेत कुठले पाव पुढे मांडायचे आणि कुठले मागे, याच्यावर आम्ही जेवताना भांडायचो.

सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "जा की. अडवतंय कोण? फक्त एक चांगलं साल येऊ दे, मग खुशाल जा."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वाईट सालात मळा सोडला की गाव म्हणतं पळाला, आणि ते नाव नातवंडांपर्यंत पुरतं. शिवाय वाईट सालात मळा खंडानं घ्यायला कुणी दारात उभं राहत नाही. म्हातारा एकटा तो उतार कसा करणार? मी म्हटलं, ठीक आहे, एक साल थांबू. एका सालाचं काय ते.

आमच्याकडे साल म्हणजे पंचांगातलं नव्हे. पिंपात उतरतं ते साल. छप्पनच्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की वेलींची खोडं उभी चिरली. त्याच आठवड्यात माझी रोसविटा जन्मली. पुढचा उन्हाळा सगळा पावसात गेला. त्यातून जी वाईन झाली तिला गाव तिघांची वाईन म्हणायचं. एकानं प्यायची, दुसऱ्यानं त्याला धरून ठेवायचं आणि तिसऱ्यानं त्याच्या तोंडात ओतायची. ती पोटात गेली की मोज्याची भोकं आपोआप आवळतात, असंही म्हणायचे. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "हे काय चांगलं साल?"

सत्तावन्नच्या मे महिन्यात बर्फाचे संत कोपले. पान्क्राझ, सेर्वाझ, बोनिफाझ हे तिघं आणि मागून थंड सोफी, यांचे दिवस सरल्याशिवाय आमच्याकडे शहाणा माणूस परसात कोबीही लावत नाही. पण वेलींना कोण सांगणार? त्यांनी कोवळे कोंब काढले आणि एका पहाटेत ते काळे पडले. सगळं गाव ओला पेंढा जाळून धूर करत होतं. धुरानं आमचे डोळे तेवढे लाल झाले, बाकी फरक काही नाही.

अठ्ठावन्नला पीक इतकं आलं की पिंपं उसनी आणायची वेळ आली. मी गप्पच माळ्यावरून बॅग खाली काढली, झटकली, उन्हात ठेवली. सासऱ्यांनी ग्लासातला घोट तोंडात घोळवला आणि अंगणात थुंकला.

"भरपूर म्हणजे चांगलं नव्हे, सूनबाई."

बॅग परत माळ्यावर गेली. त्या हिवाळ्यात मावशी म्हणाली, "माझे पाय आता राहिले नाहीत गं. पुढच्या मार्टिनच्या सणापर्यंत या, नाहीतर मी दुकान विकते. एकजण मागे लागलाय." मार्टिनचा सण नोव्हेंबरच्या अकराला. म्हणजे माझ्या हातात एकच साल उरलं होतं.

आणि ते एकोणसाठ होतं.

तसा उन्हाळा मी पुन्हा फक्त एकदाच पाहिला. जूनपासून आभाळात ढग नाही. नदी इतकी उतरली की पलीकडे जाणारी होडी तळाला घासायची आणि होडीवाला शिव्या देत लांब काठीनं ढकलायचा. दगड दिवसभर तापायचे आणि संध्याकाळी उतारावरून गरम वारा खाली यायचा. बाकीची पिकं वाळली, पण वेलींची मुळं खोल जातात, त्यांचं काही बिघडलं नाही. लुटविन रोज एक मणी तोडून चाखायचा आणि माझ्याकडे बघायचा.

"टिली," तो म्हणाला, "हेच ते साल."

मी रोसविटाला घेऊन अंगणात नाचले. खरंच नाचले. सासरे बाकावर बसून बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता की आनंद. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटत असेल, एकटा पडणार बिचारा.

सप्टेंबरात मळे मिटले. द्राक्षं पिकायला लागली की आमच्याकडे मळे मिटतात, ही जुनी रीत. वर जाणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी काठीला पेंढ्याची जुडी बांधतात. ती दिसली की पुढे पाऊल टाकायचं नाही, मळा स्वतःचा असला तरी नाही. कुणी आधी तोडू नये, कुणी दुसऱ्याची चोरू नये, गोडी पुरती भरेपर्यंत सगळ्यांनी धीर धरावा, म्हणून. तोडणीचा दिवस गावातली पाच माणसं खानावळीत बसून ठरवतात. चर्चची घंटा वाजली की सगळं गाव एकदम वर. तोवर खाली उभं राहून आपल्याच वेलींकडे मान वर करून बघायचं.

त्या पाचजणांत मुख्य होते माझे सासरे.

पहिल्यांदा ते खानावळीतून आले आणि म्हणाले, "एक आठवडा थांबू." बरोबरच होतं. ऊन होतं, गोडी चढत होती. दुसऱ्यांदा म्हणाले, "अजून एक आठवडा." सकाळी नदीवरून धुकं चढायचं, दहाच्या सुमारास फाटायचं आणि मग संध्याकाळपर्यंत ऊन. शेजारीपाजारी हात चोळत म्हणायचे, कास्टोरला नाक आहे, कास्टोरला सगळं कळतं. मी मात्र रोज मार्टिनचा सण जवळ येताना बघत होते. तोडणी झाल्याशिवाय निघायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं. तोडणी, रस, पिंपं, साफसफाई, या सगळ्याला वेळ लागतो. रोजचं चांगलं ऊन म्हणजे माझ्या दाराला रोजचं एक कुलूप.

मी डोनाटसला झोप काढायला सांगत होते, ते याच दिवसांत. पाऊस आला की द्राक्षं कुजायला लागतात आणि मग घंटा वाजवावीच लागते. तिसऱ्यांदा जेव्हा "अजून एक आठवडा" कानावर आलं, तेव्हा माझा धीर सुटला. दुपारी बायका जेवणाची भांडी घासत असताना मी पेंढ्याची जुडी ओलांडून आमच्या मळ्यात चढले. मनात एकच. एखादा कुजका घोस सापडला की तो नेऊन खानावळीच्या टेबलावर आपटायचा, बघा म्हणायचं, तुमच्या धीरानं काय केलं.

कुजका घोस सापडला नाही. मणी तपकिरी पडले होते, सुरकुतले होते, पण कुजले नव्हते. एक तोंडात टाकला. सांगू नये, पण सांगते, तसं काही मी आधी कधी खाल्लं नव्हतं. दुसरा खाल्ला. मग तिसरा. तेवढ्यात मागून खुळखुळा वाजला. साळुंक्या उडवायला राखणदार थेबेस तो घेऊन फिरायचा.

"काय गं, बटाटे शोधतेस का?" थेबेस म्हणाला.

त्यानं मला तशीच खाली आणली, गावाच्या मुख्य रस्त्यानं, खानावळीत. पाचही जण तिथंच बसले होते. मुख्याचीच सून मिटलेल्या मळ्यात सापडली, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. सासऱ्यांनी दंड सांगितला, चर्चला मेणबत्त्यांचं मेण द्यायचं, आणि मग जरा थांबून विचारलं, "कशी होती?"

मी खोटं बोलायला हवं होतं. आंबट म्हणायचं, कुजकी म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण ती चव अजून तोंडात होती.

"गोड," मी म्हटलं. "फार गोड."

खानावळ हसली. "बटाटेवालीलासुद्धा कळलं म्हणजे झालंच," असं कुणीतरी म्हणालं. आणि माझ्या त्या शब्दावर त्यांनी तोडणी आणखी आठवडाभर पुढे ढकलली. माझ्याच तोंडानं मी माझं कुलूप वाढवून घेतलं.

शेवटी घंटा वाजली तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता. मी त्या मळ्यात इतक्या घाईनं कात्री चालवली की बोटं कापली. रोसविटाला खाली शेजारणीकडे सोडायची आणि अंधार पडेपर्यंत तोडायची. लुटविन पाठीवर टोपली घेऊन चढउतार करत होता आणि गंमत म्हणजे कंबरेचं नाव काढत नव्हता. सणाला थोडे दिवस उरले असताना शेवटचा, सगळ्यात वरच्या तुकड्यातला रस घाण्यातून निघाला.

गोडी मोजायला आमच्याकडे काचेचा काटा असतो. उंच नळीत रस भरायचा आणि काटा आत सोडायचा. रस पातळ असला की तो बुडतो, दाट असला की वर राहतो. लुटविननं काटा सोडला. तो बुडेचना. रसात रोवल्यासारखा उभा राहिला. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

मग ते म्हणाले, "मी शब्द दिला होता. चांगलं साल येऊ दे म्हटलं होतं. हे आलं. जा."

माझा कानांवर विश्वास बसेना. इतके दिवस मी मनातल्या मनात म्हाताऱ्याला काय काय म्हटलं होतं, आणि तो शब्दाला जागला. मी लुटविनकडे बघितलं. तो वाकून काट्याकडेच बघत होता. नळीला दोन्ही हात लावून, हलकेच. रोसविटा जन्मली तेव्हा तिच्याकडे त्यानं असंच बघितलं होतं.

"लुटविन," मी म्हटलं, "बाबा काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं गं." मान वर नाही. "पण हा रस आंबायला लागला की कुणीतरी लक्ष द्यायला नको का? असा दाट रस अख्खा हिवाळा घेतो. वसंतापर्यंत बघू. नुसतं बघू, टिली."

"मार्टिनला मावशी दुकान देऊन टाकेल."

"सांगू ना तिला. समजेल ती."

मावशी समजणार नव्हती, आणि ते त्यालाही माहीत होतं. मी तिथं उभी राहिले आणि मला कळलं की संपलं. रागावून उपयोग नव्हता, कारण त्यानं मला फसवलं नव्हतं. कालपर्यंत तो खरंच यायला तयार होता. आज नव्हता, इतकंच. मी एकटी जायची म्हटलं तर कुठं? त्या काळी आमच्यासारख्या कॅथलिक गावातली बाई कडेवर पोर घेऊन नवऱ्याशिवाय दारात उभी राहिली असती, तर खुद्द मावशीनंच तिला परत पाठवली असती.

स्वयंपाकघरात आले, कांदे कापायला घेतले, म्हणजे डोळ्यांना कारण झालं. मागून सासरे आले आणि बाकावर बसले.

"मला रॉटरडॅमला जायचं होतं," ते म्हणाले. "जहाजं बांधायच्या कामावर. माझ्या बापानं सांगितलं, चांगलं साल येऊ दे, मग जा."

"मग?"

"मग एकवीस साल आलं."

माझी सुरी थांबली. एकवीस सालाच्या वाईनचं नाव या नदीवर अजून देवासारखं घेतलं जातं. मी त्यांच्याकडे वळले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. चांगलं साल आलं की लुटविनचा पाय निघणार नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"होतं."

"आणि तरी तुम्ही आम्हाला तेच सांगितलंत."

"म्हणूनच सांगितलं, सूनबाई," ते म्हणाले. टिंगल नव्हती त्यांच्या बोलण्यात, आणि तेच मला जास्त लागलं. ते उठले आणि तळघरात लुटविनला मदत करायला गेले.

मावशीनं दुकान विकलं. पुढे तिथं चपलांचं दुकान झालं. सासरे आठ-दहा वर्षांनी गेले. शेवटपर्यंत ते माझ्याशी चांगले वागले, आणि मी त्यांचं सगळं केलं, पण पुन्हा त्यांच्या टेबलाशी बसून हसले नाही. लुटविनची कंबर परत गेली, ती कायमची. एकोणसाठच्या बाटल्या तळघरात मागच्या भिंतीला होत्या. पाहुणे आले की तो एक काढायचा, सगळे डोळे मिटायचे, आणि मी उठून भांडी घासायला जायची. चांगली होती का? होती. तिथंच तर सगळा घोळ आहे.

रोसविटा मोठी झाली, बापावर गेली, शांत आणि आज्ञाधारक. माझी जीभ तिच्यात उतरली नाही, याचं मला नेहमी दुःख. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिला कोलोनहून बोलावणं आलं. तिथं एका ठिकाणी कवळ्या बनवायला शिकवत होते, जागा राखून ठेवतो म्हणाले, ऑक्टोबरात या. लुटविन हसला. "आपल्या वाईननं गावाचे निम्मे दात खाल्लेत, इथंच दुकान टाक." पण पोरीचे डोळे चमकत होते, ते मी बघितलं.

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस लागला तो थांबेचना. वाटा वाहून गेल्या. घोसांवर राखाडी बुरशी आली, गोडी चढवणारी चांगली बुरशी असते ती नव्हे, वाईट, नाकाला कळते ती. मळे मिटले आणि कुणी राखणही करेना, साळुंक्यांनासुद्धा ती द्राक्षं नको होती. एका संध्याकाळी आम्ही तिघं सूप पीत बसलो होतो. रोसविटानं हळूच विचारलं, "बाबा, मग मी कोलोनला जाऊ ना?"

लुटविननं पाव मोडला, सुपात बुडवला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "जा की. अडवतंय कोण? अशा सालात तेवढं नको, लोक काय म्हणतील. एक चांगलं साल येऊ दे, पोरी, मग खुशाल जा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. आपल्या बापाचे शब्द आहेत हेही नाही. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि म्हणून मला जास्त भीती वाटली.

"बरं बाबा," रोसविटा म्हणाली आणि खाली मान घालून सूप पिऊ लागली.

सकाळी लुटविन तळघरात होता तेव्हा मी माळ्यावरची बॅग काढली. सोळा वर्षं झटकली नव्हती. तिचे कपडे त्यात कोंबले, घरातला अख्खा पाव वर ठेवला आणि तिला म्हटलं, "बूट घाल. होडीवर जायचंय."

"आई, पण बाबा म्हणाले की—"

"ऐकलं मी बाबा काय म्हणाले ते. बूट घाल."

पाऊस धो धो होता. नदी चढली होती. होडीवाला म्हणाला, "टिली, तोडणी तोंडावर आली आणि पोरीला घालवतेस? असल्या वाईट सालात? घरात माणसं नकोत का?"

"तू तुझी होडी हाक," मी म्हटलं.

रोसविटा रडत होती. "आई, गाव म्हणेल मी पळाले."

"म्हणू दे. पळच तू." मी तिच्या गळ्यापर्यंत बटणं लावली. "हे बघ, जायचं असेल तर वाईट सालातच जावं. चांगल्या सालात इथून कुणी जात नाही."

तिला ते कळलं नाही. कळायची गरज नव्हती. होडी निघाली आणि मी पहिल्यांदा त्या डोनाटसचे मनापासून आभार मानले. पंधरा वर्षं उशिरा का होईना, झोपला होता एकदाचा.

लुटविन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी म्हटलं, बरं झालं, घर शांत आहे.

पुढचं पंच्याहत्तर साल चांगलं आलं. आणि शहात्तर तर एकोणसाठसारखंच, ढगाचा ठिपका नाही, होडी तळाला घासत होती. लुटविन कोलोनला बाटल्या पाठवू म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, वाटेत फुटतील. मी एकही पाठवली नाही.

त्या नाताळात रोसविटा घरी आली. केस कापले होते, बोलायला लागली होती, बापाच्या कवळीला नावं ठेवत होती. लुटविन तळघरात गेला आणि वरच्या तुकड्यातली नवी वाईन पिंपातून सुरईत काढून घेऊन आला. त्यानं तिच्यासाठी ग्लास भरला.

"चाख," तो म्हणाला. "आपल्या मळ्यातलं शहात्तर आहे."

तिनं हात पुढे केला. मी मध्येच ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी यावं इतकी गोड होती.

"आंबट आहे," मी रोसविटाला म्हटलं. "थांब, तुला कॉफी करते."

लुटविन माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं सुरई उचलली आणि परत तळघरात नेऊन ठेवली.